चाकणची एनसी आणि पंचहौदचा चहा

भोसरी-चाकणच्या पट्ट्यात ‘एनसी’ स्त्रीलिंगी आहे. ती निघते, लागते, पडते, अंगाला चिकटते आणि नशीब बरं असेल तर महिन्याभरात ‘क्लोज’ होते. तिचं पूर्ण नाव नॉन-कन्फॉर्मिटी. पण हे पूर्ण नाव घेणारा माणूस एकतर नवा तरी असतो, नाहीतर ऑडिटर तरी. बाकी सगळे, म्हणजे नववीत शाळा सोडलेला ऑपरेटर आणि चार वर्षांचं इंजिनिअरिंग सहा वर्षांत उरकलेला सुपरवायझर, एनसीच म्हणतात. ‘काय रे, तोंड का उतरलंय?’ ‘एनसी लागली.’ पुढे कुणी काही विचारत नाही. त्याच्यासाठी चहा सांगतात.

मी उमेदीची सगळी वर्षं क्वालिटी खात्यात काढली. म्हणजे दुसऱ्यांनी केलेल्या कामात खोट शोधायची आणि त्याबद्दल पगार घ्यायचा. या खात्यातल्या माणसाला कारखान्यात मित्र नसतात. एरवी आपल्याला बघून बिडी विझवणारे लोक ऑडिटच्या आठवड्यात मात्र आपल्यालाच ‘साहेब, बसा ना’ म्हणतात. त्या आठवड्यात कारखाना ओळखू येत नाही. जमिनीवरचे पिवळे पट्टे नव्याने रंगतात. मशीनच्या मागे खोचलेली जुन्या आवृत्तीची, तेलकट ड्रॉइंगं गुपचूप नाहीशी होतात. टेबलावरच्या स्टेपलरलासुद्धा स्वतःची चौकट आणि नाव मिळतं. ऑपरेटर मंडळी क्वालिटी पॉलिसी घोकत फिरतात. आणि एवढं करून ऑडिटर येतो, आगीच्या नळकांड्यापुढे कुणीतरी ठेवलेली खुर्ची बघतो आणि वही उघडतो.

एनसीचे दोन वर्ण आहेत, मेजर आणि मायनर. तिसरं ‘ऑब्झर्वेशन’. ते म्हणजे ऑडिटरला जेवण आवडलं असावं असा पुरावा. एनसी लागली की नुसता दंड भरून सुटका नाही, मूळ कारण शोधावं लागतं. त्यासाठी पाच वेळा ‘का’ विचारायची पद्धत आहे. टोयोटाच्या कारखान्यात ती रुजली आणि तिथून जगभर गेली. माप का चुकलं? टूल झिजलं होतं म्हणून. टूल का झिजलं? बदललं नाही म्हणून. का बदललं नाही? अशी ती खाली खाली जाते आणि जिथे मालकाच्या केबिनचा दरवाजा दिसायला लागतो, तिथे नेमकी थांबते. शेवटच्या रकान्यात लिहिलेलं असतं : ‘संबंधित ऑपरेटरला ट्रेनिंग दिले.’ मी वाचलेल्या बहुतेक एनसींचा शेवट हाच होता. त्या ऑपरेटरना इतकं ट्रेनिंग मिळालं, की ते आता कुठेतरी प्राचार्य असायला हवेत.

तरीही मला या एनसीबद्दल आदर आहे. तिच्यात राग नाही. आयएसओची व्याख्या सांगते, ठरलेली गरज पूर्ण न होणं म्हणजे नॉन-कन्फॉर्मिटी. बस्स. वाईट, नालायक, कुळाला बट्टा, असलं काही त्यात नाही. समजा ड्रॉइंगवर २५ मिलिमीटरचं भोक आहे आणि वर २१ मायक्रॉनची सूट आहे. तपासायला एक गेज असतं, दोन टोकांचं. एक टोक भोकात गेलं पाहिजे, दुसरं जाता कामा नये. पहिलं अडलं किंवा दुसरं घुसलं, की तो जॉब लाल डब्यात. डोळ्यांना तो इतर जॉबांपेक्षा तसूभरही वेगळा दिसत नाही. तो लोखंडाचाच आहे, गुळगुळीत आहे, दुसऱ्या एखाद्या मशीनवर कदाचित झकास बसेल. फक्त या ड्रॉइंगला तो बसत नाही. आणि ते ड्रॉइंग कुणी काढलं, कुणी तपासलं, कुणी मंजूर केलं, कितवी सुधारणा आहे, हे सगळं उजव्या कोपऱ्यातल्या चौकटीत लिहिलेलं असतं. भांडायचंच असेल, तर कुणाशी भांडायचं ते कळतं.

निवृत्त झालो आणि राहत्या सोसायटीकडे जरा निवांत बघायला लागलो, तेव्हा या कोपऱ्यातल्या चौकटीची किंमत कळली. इथेही सगळ्यांच्या हातात गेज आहे. ड्रॉइंग मात्र कुणाकडेच नाही. ‘आपल्यात असं नसतं’ एवढं एकच वाक्य पिढ्यान्‌पिढ्या चालत आलंय. ‘आपल्यात’ म्हणजे कुणात, ‘असं’ म्हणजे कसं आणि ‘नसतं’ हे कधीपासून, यावर कुणाची सही नाही, तारीख नाही. तरी मापं चोख. नव्या घरात सत्यनारायण न घालता राहायला आलेलं जोडपं : मायनर. स्वतःचे कपडे स्वतः वाळत घालणारे दुसऱ्या मजल्यावरचे निवृत्त बँक मॅनेजर : ऑब्झर्वेशन, बायकोची प्रकृती बरी नसेल. लग्नाला नऊ वर्षं झाली, दोघंही धडधाकट, मूल नको म्हणतात : मेजर. ही शेवटची एनसी तर क्लोजच होत नाही. दर गणपतीत नवा ऑडिटर येतो आणि पहिल्यापासून ‘का’ विचारायला लागतो. पाच नाही, पन्नास वेळा.

सगळ्यांत गाजलेलं प्रकरण मात्र बागेतलं. आमच्याजवळच्या बागेत सकाळी गोल चालतात. सगळे उजव्या हाताने वळतात. का, ते झाडांनाही ठाऊक नसेल. एक गृहस्थ एक दिवस डावीकडून चालायला लागले. झालं. प्रत्येक फेरीत प्रत्येकाला ते समोरून येताना दिसायचे. बरं, एकदा नमस्कार केला तर दुसऱ्या फेरीत काय करायचं? हसायचं? मान हलवायची? फोन काढून बघायचा? लोकांचं चालणं विस्कटलं. एकाने त्यांना विचारलंच, ‘काका, उलटं का हो?’ तर म्हणाले, ‘सगळ्यांच्या पाठी बघून कंटाळा आला. चेहरे बघावेसे वाटले.’ कारण इतकं साधं आणि इतकं चांगलं होतं, की त्यावर कुणाचाच विश्वास बसला नाही. त्यांच्या सुनेचं आणि त्यांचं पटत नसावं, असं दुपारपर्यंत ठरलं.

माणसांचं ऑडिट कसं चालतं, याचा सगळ्यांत चांगला नमुना पुण्यातच घडलेला आहे. १८९० सालचं पंचहौद मिशनचं चहाप्रकरण. या प्रकरणाचे सूत्रधार गोपाळराव जोशी. डॉक्टर आनंदीबाई जोशींचे यजमान. पोस्टातला हा माणूस म्हणजे चालताबोलता वाद. बायको शिकलीच पाहिजे हा त्यांचा हट्ट. ती अभ्यास सोडून चुलीपाशी सापडली, की हे खवळणार. १८८३ साली त्यांनी तिला एकटीला बोटीत बसवून अमेरिकेला धाडलं, मागाहून स्वतः गेले आणि तिथल्या लोकांना त्यांच्याच देशात व्याख्यानं देऊन तुमचं सगळं कसं चुकतं ते ऐकवलं. आनंदीबाई १८८६ साली डॉक्टर झाल्या, परतल्या आणि १८८७ च्या फेब्रुवारीत गेल्या. बाविसावं वर्षही पुरं झालं नव्हतं. गोपाळराव उरले आणि त्यांचं काड्या घालणं उरलं.

तर या गोपाळरावांनी ऑक्टोबरात पंचहौद मिशनमध्ये व्याख्यानाचा घाट घातला. पुण्यातली बडी मंडळी जमली. त्यांत न्यायमूर्ती रानडे होते, टिळक होते. व्याख्यान झालं आणि चहा-बिस्किटं आली, ख्रिस्ती मिशनच्या लोकांच्या हातची. आता पंचाईत. प्यावा तर धर्म बुडतो, न प्यावा तर यजमानांचा अपमान होतो. काहींनी घेतला. काहींनी कप हातात घेऊन तसाच बाजूला ठेवला. मला या दुसऱ्या गटाबद्दल विशेष ममत्व आहे. आपण बहुतेक सगळे त्याच गटातले. कप धरायचा, वाफ बघायची, ‘छान आहे’ म्हणायचं आणि टेबलावर ठेवायचा. सुधारकांना वाटतं प्यायला, सनातन्यांना वाटतं नाही प्यायला.

गोपाळरावांनी मात्र ही सोय ठेवली नाही. ‘पुणे वैभव’ या पत्रातून हजर असलेल्यांची यादीच चव्हाट्यावर मांडली. सनातनी मंडळी खवळली, ग्रामण्य, म्हणजे जातीच्या बहिष्काराचं प्रकरण, उभं राहिलं, प्रकरण संकेश्वरच्या शंकराचार्यांपर्यंत गेलं. त्यांनी चौकशीला दोन शास्त्रीबोवा धाडले. आमच्या भाषेत, बाहेरचे ऑडिटर आले. टिळकांनी धर्मशास्त्राचे ग्रंथ पुढे ठेवून बाजू लढवली. ज्याचं ड्रॉइंग आहे त्याच्यापेक्षा ज्याला एनसी लागली त्यानं ड्रॉइंग जास्त बारकाईने वाचलेलं असावं, हे आमच्याकडेही अनेकदा घडतं. शेवटी कुणी किती घेतलं आणि कुणी काय कबूल केलं, यावर लहानमोठी प्रायश्चित्तं ठरली. मायनरला मायनर, मेजरला मेजर. टिळकांनी आपण काशीला प्रायश्चित्त आधीच घेतल्याचं सांगितलं. म्हणजे ऑडिटरने विचारण्याआधीच करेक्टिव्ह ॲक्शनचा कागद फायलीत तयार. या एका गोष्टीवरून माझं मत असं झालंय, की लोकमान्य राजकारणात गेले नसते तर क्वालिटी खात्यात फार वर गेले असते.

रानड्यांनी प्रायश्चित्त घेतलं ते १८९२ साली. स्वतःला त्यात काही पाप वाटत होतं म्हणून नव्हे. बहिष्कारामुळे अडलेल्या मित्रांची सुटका व्हावी म्हणून. सुधारक त्यांच्यावर संतापले. माणूस इतका मोठा आणि एका कपाकरता वाकला, म्हणाले. मला वाटतं, बहिष्कार म्हणजे काय ते विसरलं तरच हा संताप सोपा होतो. बहिष्कार वर्तमानपत्रात दिसतो तेव्हा तत्त्वांची लढाई असते. घरात तो येतो तेव्हा मुंजीला भटजी मिळत नाहीत, श्राद्धाला ब्राह्मण मिळत नाहीत, स्वयंपाकी येत नाही, सासरी दिलेल्या मुलीला माहेरी पाठवत नाहीत. चहा पिणारा बैठकीत बसून वाद घालतो आणि त्याची किंमत माजघर चुकतं करतं. रमाबाई रानड्यांनी आपल्या आठवणींत घरातल्या बायकांचे टोमणे लिहून ठेवलेत. शिकवायची हौस नवऱ्याची आणि शिकल्याबद्दलची बोलणी बायकोला.

कारखान्यात लाल डब्यातल्या जॉबचं काय करायचं, याचे ठरलेले मार्ग आहेत. पंचहौदच्या चहानंतर माझ्या लक्षात आलं, की समाजाकडेही नेमके तेवढेच आहेत.

पहिला, रिवर्क. पुन्हा मशीनला लावा, थोडा घासा, मापात आणा. आपल्याकडे यालाच प्रायश्चित्त म्हणतात. गंमत अशी, की रिवर्क केलेला जॉब आधीपेक्षा चांगला होतो असं नाही. कधीकधी तो घासून घासून बारीक होतो. पण गेज जातं, एवढ्यावर सगळे खूश.

दुसरा, स्क्रॅप. आगरकरांचं पुण्याने हेच करून पाहिलं. ‘सुधारक’ पत्र काढून ते रूढींवर तुटून पडले, तर लोकांनी त्यांची ते जिवंत असताना प्रेतयात्रा काढली. आगरकरांना दम्याचा त्रास होता आणि १८९५ साली, चाळिशीही न गाठता, ते खरोखरच गेले. धोंडो केशव कर्व्यांनी १८९३ साली गोदूबाईंशी पुनर्विवाह केला. गोदूबाई विधवा, पंडिता रमाबाईंच्या शारदासदनात शिकलेल्या. कर्वे बायकोला घेऊन कोकणात, मुरूडला गेले, तर गावानं वाळीत टाकलं. हा माणूस फर्ग्युसनमध्ये गणित शिकवत होता. गणितात उत्तर चुकलं तर कुठल्या पायरीला चुकलं ते दाखवता येतं. मुरूडकरांना तशी पायरी दाखवायची गरज वाटली नाही.

तिसरा मार्ग सगळ्यांत गोड आणि मला विचाराल तर सगळ्यांत घातक. त्याला आम्ही डेव्हिएशन म्हणायचो. जॉब मापात नाही, पण ‘आहे तसा वापरा’ असा कागद करायचा, त्यावर सही घ्यायची आणि पुढे ढकलायचा. समाजाचा डेव्हिएशनचा कागद म्हणजे ‘अहो, तो तसाच आहे.’ हे चार शब्द उच्चारले, की त्या माणसाला काहीही करायची मुभा मिळते आणि त्याचं म्हणणं ऐकायचं बंधन संपतं. गोपाळराव जोशींचं हेच झालं. विक्षिप्त म्हणून त्यांच्या नावापुढे शेरा पडला आणि ते जे प्रश्न विचारत होते तेही त्या शेऱ्याबरोबर फायलीत गेले. आगरकरांची प्रेतयात्रा काढणाऱ्यांनी निदान त्यांना गंभीरपणे घेतलं होतं. बागेतल्या काकांना हल्ली लोक हसून वाट देतात. ‘काका तसेच आहेत.’ ते चेहरे बघायला निघाले होते आणि आता कुणी त्यांच्याकडे बघत नाही. आणखी एक. हा डेव्हिएशनचा कागद सगळ्यांना मिळत नाही. पैसेवाल्याला मिळतो, कलावंताला मिळतो, पुरुषाला तर चटकन मिळतो. धुणंभांडी करणाऱ्या बाईनं एक दिवस डावीकडून चालून बघावं.

चौथा मार्ग क्वचित वापरतात, कारण त्याला धाडस लागतं आणि वेळ लागतो. ड्रॉइंग बदलणं. त्याच त्या जागी, तीच ती एनसी वारंवार यायला लागली, तर जाणता माणूस ऑपरेटरला ट्रेनिंग द्यायचं थांबवतो आणि म्हणतो, जरा ड्रॉइंग काढा बघू. मुरूडनं लाल डब्यात टाकलेल्या त्याच धोंडो केशवांना १९५८ साली, शंभराव्या वर्षी, भारतरत्न मिळालं. डब्यापासून मास्टर पीसपर्यंत यायला पासष्ट वर्षं. इतका धीर आणि इतकं आयुष्य सगळ्यांना कुठून मिळणार? त्यांचे चिरंजीव रघुनाथ धोंडो. त्यांनी संततिनियमनाचा प्रचार केला, त्यापायी प्राध्यापकी गेली. १९२७ पासून ‘समाजस्वास्थ्य’ मासिक चालवलं, अश्लीलतेचे खटले अंगावर घेतले. १९३४ च्या खटल्यात त्यांच्या बाजूने डॉक्टर आंबेडकर उभे राहिले, तरी दंड झालाच. मग १९५२ साली भारत सरकारने कुटुंबनियोजनाचा राष्ट्रीय कार्यक्रम सुरू केला. रघुनाथराव १९५३ च्या ऑक्टोबरात गेले. म्हणजे सुधारलेलं ड्रॉइंग त्यांना जेमतेम वर्षभर बघायला मिळालं. त्यावर ‘मंजूर’ म्हणून सही करायला कुणी त्यांना बोलावल्याचं ऐकिवात नाही.

आणि चहाचं ड्रॉइंग तर उलटंच झालं. आज पुण्यात कुणाकडे गेल्यावर ‘मी चहा घेत नाही’ म्हणून बघा. यजमानीणबाई आधी ‘कॉफी?’ म्हणतात, मग ‘दूध?’, मग ‘सरबत?’ आणि शेवटी ‘असं कसं, काहीच नाही?’ पाच ‘का’ पुरे होतात. ज्या शहरात चहा प्यायल्याबद्दल प्रायश्चित्त होतं, त्याच शहरात तो नाकारणं ही आता मेजर आहे.

इथवर वाचून कुणाला वाटेल, की मी लाल डब्याची आरती म्हणतोय. तसं नाही. क्वालिटीत हाडं झिजवलेला माणूस आहे मी. लाल डब्यातले बहुतेक जॉब खरोखरच टाकाऊ असतात. मापाबाहेर असणं हा काही गुण नव्हे. कर्वे रस्त्यावर उलट दिशेने स्कूटर घालणारा तरुण स्वतःला बंडखोर समजत असेल, पण ज्यांच्या नावाचा तो रस्ता आहे त्यांनी त्याला आधी गणिताचं एक मोठं उदाहरण घातलं असतं. अलीकडे तर वेगळं असण्याचंही एक छापील ड्रॉइंग निघालंय. लग्न ‘हटके’ हवं म्हणून जो तो त्याच किल्ल्यावर, त्याच संध्याकाळी, तोच धूर सोडून फोटो काढतो. त्या ड्रॉइंगवर शंभर टक्के कन्फॉर्मिटी आहे. एकही जॉब रिजेक्ट नाही.

मग खरा कोण आणि नुसता वाकडा कोण, हे ओळखायचं कसं? माझ्यापुरती मी एक तपासणी ठेवलीय. बिल कोण भरतंय ते बघायचं. उलट्या स्कूटरचं बिल समोरून येणारा भरतो. त्याला मी नॉन-कन्फॉर्मिटी म्हणत नाही, उपद्रव म्हणतो. आगरकरांनी आपलं बिल आपण भरलं. कर्व्यांनी भरलं आणि गोदूबाईंनीही त्यांच्या बरोबरीने भरलं, हेही लिहायला हवं. गोपाळरावांपाशी येऊन मात्र माझी तपासणी अडखळते. त्यांचा हट्ट बरोबर होता, काळाच्या फार पुढे होता, आणि त्याचं बिल भरणारी मुलगी लग्नाच्या वेळी नऊ वर्षांची होती. अशा जॉबवर काय शेरा मारायचा? मी तो टेबलावर बाजूला ठेवलाय. अजून तसाच आहे.

बंडखोरांच्या घरी गेज नसतं, असंही समजू नये. धोंडो केशवांच्या सूनबाई इरावती कर्वे. त्यांनी संशोधनासाठी जर्मनीला जायचं ठरवलं, तेव्हा ज्या माणसानं विधवांच्या शिक्षणासाठी आयुष्य वेचलं त्या सासऱ्यांनाच ते पसंत पडलं नाही. विधवेचं लग्न बसत होतं, सुनेचं परदेशी शिक्षण बसत नव्हतं. प्रत्येकाच्या गेजाला कुठेतरी दुसरं टोक असतंच. इरावतीबाई गेल्या. बर्लिनला त्यांच्या प्राध्यापकांची, ऑयगेन फिशर यांची, खात्री होती की कवटीच्या डाव्या-उजव्या बाजूंतल्या फरकावरून गोऱ्या वंशाचं श्रेष्ठत्व दाखवता येईल. बाईंनी कवट्या हातात घेतल्या, मोजल्या आणि अशा फरकाचा वंशाशी काही संबंध दिसत नाही असं प्रबंधात लिहिलं. मापं घेणाऱ्या माणसाला मापाच्या विरुद्ध वागायचा मोह होतो तो अशाच वेळी, साहेबाला काय हवंय ते माहीत असताना. पुढे पुण्यात त्या स्कूटरवरून फिरायच्या, योग्य दिशेने, आणि कुंकू-मंगळसूत्राची मापं त्यांनी लावून घेतली नाहीत. लोकांनी अर्थातच डोळे विस्फारले. पण त्यांची खरी बंडखोरी मला त्या प्रबंधात दिसते. आकडा जो आला तो लिहिला.

आमच्या खात्यात एक कडक नियम होता. गेज कितीही चांगलं असलं, तरी वर्षातून एकदा प्रयोगशाळेत पाठवायचं. हजारो भोकांत जाऊन जाऊन त्याचंही टोक झिजतं. झिजलेलं गेज स्वतः काही बोलत नाही. ते चांगले जॉब लाल डब्यात टाकत राहतं आणि वाईट पास करत राहतं, पूर्वीइतक्याच आत्मविश्वासाने. म्हणून प्रत्येक गेजावर स्टिकर असतं : कधी तपासलं आणि पुन्हा कधी तपासायचं. तारीख उलटलेलं गेज कुणाच्या हातात सापडलं, तर एनसी जॉबला नाही, गेजवाल्याला लागते. आयएसओ ९००१ हे मानकसुद्धा १९८७ साली निघालं आणि तेव्हापासून अनेकदा सुधारलं गेलं. दुसऱ्याला मोजणाऱ्यानं स्वतःला मोजून घेण्याचा हा जो शहाणपणा आहे, तो कारखान्याच्या फाटकाबाहेर का पडत नाही, याचं मूळ कारण मी पाच वेळा ‘का’ विचारून शोधलं. ‘आपल्यात असं नसतं’ इथेच दर वेळी गाडी थांबली.

बागेची हकिकत मात्र पुढे सरकलीय. काकांच्या पाठोपाठ दोन कॉलेजची मुलं डावीकडून चालायला लागली, मग एक आजीबाई. उजवे आणि डावे असे तट पडतील की काय अशी भीती वाटून कुणीतरी प्रवेशद्वारापाशी फलक लावला. बाण उजवीकडे दाखवणारा, खाली लाल अक्षरांत ‘हुकुमावरून’. मला मनापासून आनंद झाला. इतक्या वर्षांनी का होईना, ड्रॉइंग कागदावर आलं होतं. आता उजव्या कोपऱ्यातली सही तेवढी हवी होती. बागेच्या समितीतल्या एकेकाला गाठून मी विचारलं, हुकूम कुणाचा? अध्यक्ष म्हणाले, मला वाटलं सेक्रेटरींनी लावला. सेक्रेटरी म्हणाले, मला वाटलं महापालिकेने लावला. माळी म्हणाला, ‘साहेब, मी तर खिळे ठोकले फक्त. पण फलक आहे म्हटल्यावर कुणाचा तरी असणारच की.’